नखं लावून मिळतील

"आधी तो बोर्ड उतरव," दुकानात पाऊल टाकताच हौसाआत्या म्हणाली.

टेबलावर मांडलेल्या, एका नवरीसाठी बनवलेल्या नखांवर मी बारीक ब्रशनं मोरपीस काढत होते. ब्रश हातातच राहिला. माझ्या आईच्या मयतीला जी बाई आली नाही, बाराव्यालाही आली नाही, ती जिना चढून माझ्या टीचभर दुकानात उभी होती. तेही चपला न काढता. मागून तिची सून मंदावहिनी धापा टाकत वर आली आणि भिंतीला टेकली.

"कुठला बोर्ड?" मी मुद्दामच विचारलं.

"भायेरचा. काय लिवलंयस त्यावर?"

"मापाची नखं लावून मिळतील."

"हां, तेच. बाईमाणसाच्या दुकानावर असलं लिवत्यात व्हय?"

"असलं म्हणजे कसलं, आत्या?"

पदराखाली दोन्ही हात गुंडाळून ती उभी राहिली आणि माझ्या दुकानाकडे, गोठा बघावा तशी, चहूकडे बघत राहिली.

तेव्हा कराडात हे काम करणारी दुसरी कुणी निदान मला तरी माहीत नव्हती. साडीच्या दुकानावरची एक खोली भाड्यानं घेतली होती. तयार नखांची पाकिटं बाजारात मिळतात, पण ती कुणालाच नीट बसत नाहीत. एकाच बाईच्या डाव्या नि उजव्या अंगठ्यात फरक असतो, मग साऱ्या जगाला एक माप कसं चालेल? मी प्रत्येक बोटाचं वेगळं माप घ्यायचे, नख त्या मापानं कानशीनं घासायचे, गरम पाण्यात मऊ करून त्याला बोटासारखा बाक द्यायचे, मग रंग. नवऱ्या यायच्या, कॉलेजच्या पोरी यायच्या, एकदा तर पोलिसातली एक बाई आली होती. बोर्डावरचं वाक्य वाचून म्हाताऱ्या माणसांना हसू फुटायचं, काहींना राग यायचा. मला ते वाक्य बदल असं नवऱ्यानंही सांगून बघितलं होतं. मी म्हटलं, राहू दे, मला आवडतं.

"बसा," मी म्हटलं. "चपला बाहेर काढून बसा."

"मी बसाय आलेली न्हाई."

"मग कशाला आलात?"

आत्यानं मंदावहिनीकडे बघितलं. मंदावहिनीनं जाऊन दाराला आतून कडी घातली. मग आत्यानं हात पदराबाहेर काढले.

मी खोटं कशाला बोलू, मी दचकले. ह्या हातांना मी लहानपणापासून ओळखत होते. आमच्या घरी येऊन तिनं बोट रोखलं, की माझी आई जागच्या जागी थिजायची. गोरे, थोराड, राबलेले हात. आता त्यांची नखं काळीनिळी पडली होती. काहींवर आडव्या रेघा उठल्या होत्या, आणि दोन बोटांवर तर नखच नव्हतं, नुसती गुलाबी कातडी.

"कॅन्सर?" मी विचारलं.

"हळू!" मंदावहिनी दबक्या आवाजात ओरडली. "खाली ऐकू जाईल. औषधांनी झालंय ते. आता बऱ्या आहेत, इलाज संपला. डॉक्टर म्हणाले नखं येतील हळूहळू. पण आम्हाला तेवढा वेळ नाही. येत्या रविवारी ऋतुराजचा साखरपुडा आहे."

ऋतुराज म्हणजे तिचा मुलगा, आत्याचा नातू. मला निमंत्रण नव्हतं आणि मला त्याचं काही वाटलंही नाही.

"मग?"

"मग काय? पाहुण्यांना यातलं काही माहीत नाही. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं एवढंच सांगितलंय. आधीची सोयरीक ह्याच पायी मोडली हो. कुणीतरी जाऊन सांगितलं घरात असला रोग आहे, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी नारळ परत पाठवला. पोरगं आठवडाभर जेवलं नाही. ही मुलगी त्याच्या मनातली आहे. केस काय, पदराखाली झाकतात. पण मुलीला कुंकू ह्या लावणार, ओटी ह्या भरणार. सगळ्या बायकांची नजर हातावरच असणार."

"मग तुम्ही लावा कुंकू."

"मी जित्ती असताना?" आत्या फिसकारली. "माझ्या घरातली पयली नातसून. मीच लावणार."

"बरं. मग माझ्याकडून काय पाहिजे?"

"हे झाक."

"झाकायला हातमोजे मिळतात. खाली, कोपऱ्यावरच्या दुकानात."

"वैजू, तुला कळतंय मी काय म्हणतीय."

"नाही कळत. माझ्या दुकानात आलेली प्रत्येक बाई नीट सांगते काय करायचंय ते. तुम्हीही सांगा."

"अहो, नखं लावायचीत हो त्यांना," मंदावहिनी कावून म्हणाली.

"तू गप गं!" आत्या तिच्या अंगावर अशी खेकसली की बिचारी सून दोन पावलं मागं सरली. मग माझ्याकडे वळून आत्या म्हणाली, "ते प्लास्टिकचं बसीव बोटांवर. रविवारपुरतं. जमत आसंल तर हो म्हण, न्हाईतर मी चालले."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती "झाक" म्हणत होती, "बसीव" म्हणत होती, पण तो एक शब्द तिच्या जिभेवर येत नव्हता. आणि मला तोच तिच्या तोंडून ऐकायचा होता. कित्येक वर्षं ऐकायचा होता. ती आपल्या पायांनी चालत आली होती, आता मी तिला तशीच कशी सोडणार?

"जमेल," मी म्हटलं. "बसा."

चपला काढून ती बसली.

मापं घेताना आमच्यात सरळ शब्द एकही झाला नाही. मी पारदर्शक चिकटपट्टी एकेका बोटावर दाबून पेन्सिलीनं कडा उमटवत होते.

"हळू दाब. दुकतंय."

"दुखणारच."

"तुज्या आईगत जिभेला धार हाय तुज्या."

"माझ्या आईचं नाव काढू नका."

"का? माजी भावजय व्हती ती."

"भावजय होती म्हणून मयतीला आला नव्हता वाटतं."

मंदावहिनीनं दोघींकडे बघून कपाळाला हात लावला. "अहो, पोराच्या लग्नाचं काम आहे. भांडणं नंतर करा ना."

"मी भांडतेय? मी तर मापं घेतेय," मी म्हटलं. "दुसरा हात द्या."

त्या आठवड्यात मी नवरीचं मोरपीस बाजूला ठेवलं आणि आत्याची नखं घेऊन बसले. नवरा म्हणाला, "एवढी त्या बाईच्या नावानं बोटं मोडतेस आणि तिचंच काम करतेस?" मी त्याला म्हटलं, तू तुझं बघ. पण खरं सांगते, तसलं अवघड काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं. नवरीची नखं कुणीही करील, ती उठून दिसायला हवीत एवढंच. ही नखं कुणाच्या नजरेतही येता कामा नयेत. शेतात राबलेल्या, भाकरी थापलेल्या आजीबाईच्या बोटावर गुळगुळीत गुलाबी नख बसवलं असतं तर पाहुण्या बायकांनी तिथल्या तिथं ओळखलं असतं. मला हवी होती म्हातारी नखं. थोडी आखूड, कडेला बोथट, उभ्या बारीक रेघांची, आणि कोपऱ्यात हळदीचा पुसट पिवळेपणा, जो भांडी घासूनही कधी जात नाही.

रेघा मी सुईनं ओढल्या. पिवळा रंग चारदा फसला. पहिल्यांदा कावीळ झाल्यासारखा दिसला, पुढच्या वेळी विडीचा डाग वाटला. शेवटी चहाचं पाणी रंगात मिसळलं तेव्हा जमलं. आणि जमल्यावर माझ्याच अंगावर काटा आला. टेबलावर ओळीनं हौसाआत्याची नखं पडली होती, आमच्या सोप्यात आईसमोर नाचवायची ती. मला ती तोंडपाठ होती, म्हणूनच इतकी हुबेहूब झाली. प्रेमानं कुणी एवढं लक्षात ठेवत नाही.

रविवारी सकाळी आत्या एकटीच वर आली. मंदावहिनी खाली गाडीत थांबली होती, फराळाचे डबे सांभाळत. दुपारी सांगली रस्त्यावरच्या कार्यालयात साखरपुडा होता. आत्यानं अंजिरी रंगाचं इरकल नेसलं होतं, कपाळाला भलंमोठं कुंकू, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला.

"आटप लवकर," ती म्हणाली.

मी डावा हात घेतला. दुखऱ्या नखांना डिंक चालत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी मऊ पट्टी लावली, त्यावर एकेक नख ठेवून दाबून धरलं. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत. ती बघत होती. अंगठा झाल्यावर तिनं हात डोळ्यांसमोर धरला, उलटा केला, सुलटा केला.

"हे तर माजंच हाय," ती पुटपुटली. तिच्या आवाजात कौतुक असावं, पण मला ते नको होतं.

"झाला एक हात," मी म्हटलं, आणि उजव्या हाताची नखं ठेवलेली डबी बंद करून माझ्या मांडीवर ठेवली.

"आता ह्यो."

"ह्याचं काय करायचंय?"

"काय करायचंय म्हंजे? बसीव की."

"तसं नाही. बोर्डावर लिहिलंय तसं म्हणा. म्हणा, वैजू, मला नख लाव."

आत्याचा चेहरा उतरला. मग तिथं राग आला.

"डोस्कं फिरलंय का तुजं? खाली गाडी हुबी हाय."

"उभी राहू दे. तुम्हाला तो शब्द येत नाही असं नाही. चांगला येतो. माझ्यासाठी एकदा म्हणाला होतात."

"कुनी सांगितलं तुला?"

"आईनं. मरायच्या आधी, दवाखान्यात. तोवर तिनं मला कधी कळू दिलं नव्हतं. मी जन्मले त्या सकाळी तुम्ही आमच्या दारात उभ्या राहिलात. आत पाऊलही टाकलं नाही. सुईणीला विचारलंत, काय झालं? ती म्हणाली, मुलगी. आणि तुम्ही काय म्हणालात, आत्या?"

तिनं उजवा हात पदराखाली घेतला.

"नख लावा नि मोकळ्या व्हा, म्हणालात. माझ्या एवढ्याशा गळ्याला नख, आणि तेही खिचडीला मीठ घाला म्हणावं तशा. आधीच्या तीन होत्या, मी चौथी. माझ्या आईनं मला छातीशी धरलं, आणि आठ दिवस झोपली नाही ती. सुईणीकडेही दिलं नाही मला. तुमचा भाऊ, माझा बाप, ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. त्यानं हूं का चूं केलं नाही. मी लहान असताना तुम्ही घरी आलात की आई मला शेजारी नेऊन ठेवायची. मला वाटायचं, मी दंगा करते म्हणून. आता म्हणा. मला नख लाव म्हणा, मग लावते. नाहीतर असंच एका हातानं कुंकू लावा जा नातसुनेला."

आत्या ताडकन उठली. "भिकार कुटली! दुकान मांडून बसलीस ती ह्याच्यासाठीच व्हय? माज्यासाठी लिवलास त्यो बोर्ड?"

"तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी लिहिला. ते दोन शब्द रोज डोळ्यांसमोर राहावेत म्हणून. ऐकायला तुम्ही आलात, तुमच्या पायांनी."

ती दारापर्यंत गेली. कडीवर हात ठेवला, तो उजवा, काळ्या नखांचा. खालून मंदावहिनीनं हॉर्न वाजवला. मी डबी घट्ट धरून बसले होते. आणि मला, देवाशपथ सांगते, बरं वाटत होतं.

आत्या परत वळली, पण खुर्चीवर बसली नाही. दाराला पाठ लावून उभी राहिली.

"म्हनले व्हते," ती म्हणाली. "मी म्हनले व्हते तसं. झालं तुजं समाधान?"

"नाही. शब्द म्हणा."

"नख लावा, आसं म्हनले व्हते. आनि तुज्या वक्ताला नुस्तं म्हनले. माज्या वक्ताला लावलं."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "कुणी? काय?"

"मी. माजी पयली. तुज्या आतेभावाच्या आधीची. कुनाला म्हाईत न्हाई, मंदीला बी न्हाई. सासू म्हनली, तूच लाव, आईनं लावलं की फुडचा ल्योक व्हतोय. माजं वय काय व्हतं गं? तुज्याकडं येत्यात त्या नवऱ्यांएवढी बी नव्हते. माजा अंगठा धरला सासूनं, ह्यो." तिनं उजवा हात वर केला. "आनि तिनं नुस्ता धरला व्हता. दाबला मी."

खाली हॉर्न पुन्हा वाजला.

"मग तुमच्या घरी आले त्या दिशी. दारातनं बघितलं, तर तुजी आई तुला आशी धरून बसली व्हती, जशी काय मांजरीन. सुईन म्हनती दे, न्हाऊ घालू दे, तर देत न्हाई. माज्या अंगाचा भडका उडाला. मला वाटलं, हिला काय धाड भरलीय? मी दिली, मग हिला द्याया काय झालं? हिची चौथी, माजी तर पयली व्हती. म्हनून म्हनले. आनि जलमभर तुज्या आईचं तोंड बघू वाटलं न्हाई मला. मयतीला कशी येऊ? ती जिंकलेली बाई. तिच्या फुडं काय तोंड दावू मी?"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं पदरानं तोंड पुसलं, घाम पुसावा तसं.

मला तिची कीव आली नाही. कुणी म्हणेल येते, पण नाही आली. उलट तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, ह्या बाईनं माझा रागसुद्धा माझ्याकडे ठेवला नाही. मी एक शब्द मागितला होता, माझा, माझ्या हक्काचा. त्याच्यासोबत तिनं एक मूल आणून माझ्या टेबलावर ठेवलं, आणि ते मूल माझ्यासारखं नशीबवान नव्हतं. आता मी तिच्यावर ओरडू कशी? आणि तिला सोडू तरी कशी?

"बसा," मी म्हटलं.

"आता कशाला? आईकलंस की."

"बसा म्हणते ना. गाडी उभी आहे."

ती बसली. मी डबी उघडली. करंगळी, अनामिका, मधलं बोट, तर्जनी. तिचा हात लाकडासारखा स्थिर होता. अंगठ्याशी आल्यावर मी थांबले. त्याचं नख मी डबीतून उचललं आणि हातात धरून बसले.

"लाव," आत्या म्हणाली. "लाव ते नख. म्हनायचं व्हतं ना मी? म्हनले."

मी लावलं. दाबून धरलं.

"जोरानं दाब," ती म्हणाली. "लगीनघरात सुटाय नको."

जिन्याशी पोचल्यावर ती थांबली. मागं न बघताच म्हणाली, "तू बी चल. मधीच एखादं पडलं तर कोन बघनार? मंदीला काय कळतंय." हे निमंत्रण होतं की हुकूम, मला कळलं नाही. मी हातातली पिशवी उचलली, त्यात पट्ट्या, कानस, दोन जादा नखं टाकली आणि दुकानाला कुलूप लावलं. का गेले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्या बाईला मी एकटीला जाऊ देणार नव्हते एवढं खरं. तिच्यावर नजर ठेवायची होती, की तिच्या हातांवर, कुणास ठाऊक.

गाडीत मंदावहिनीनं सासूचे हात बघितले आणि "अगंबाई!" म्हणाली. मग मला म्हणाली, "काय हो, एवढा वेळ? मला वाटलं तुम्ही दोघींनी एकमेकींचे गळे धरले." आत्या खिडकीबाहेर बघत होती.

कार्यालयात पंखे गरगरत होते, पेढ्यांचे खोके उघडले जात होते. मी बायकांच्या रांगेत कडेला बसले. मुलगी, तेजल तिचं नाव, पाटावर बसली होती. नाकीडोळी नीटस, हसरी, ऋतुराजकडे चोरून बघत होती. पोरगं तर सगळ्यांदेखत तिच्याकडेच बघत होतं, त्याला चोरीची गरज वाटत नव्हती. आत्या तिच्यासमोर बसली. कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं आणि तिच्या कपाळाला टेकवलं. माझा जीव मुठीत. नख हललं नाही. मग तिनं ओटी भरली. खण, नारळ, ओंजळीनं तांदूळ. मुलीच्या मावशीनं वाकून वाकून आत्याच्या हातांकडे बघितलं, आणि तिला तिथं एका राबलेल्या आजेसासूचे हात दिसले. मंदावहिनीनं माझ्याकडे बघून डोळे मिटून उघडले. काम झालं होतं.

ओटी घेऊन तेजल आत्याच्या पाया पडली, आणि वर तोंड करून हसत थांबली. आता काय व्हायचं ते सगळ्यांना माहीत होतं. घरातली मोठी बाई मुलीच्या गालांवरून हात उतरवते आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडते, कडाकडा, दृष्ट लागू नये म्हणून. आत्यानं दोन्ही हात उचलले. मुलीच्या तोंडापर्यंत नेले. मुलगी वर बघत होती, तिचा गळा ताणला गेला होता, आणि आत्याचे अंगठे तिच्या हनुवटीखाली येऊन तिथंच थांबले.

ते पुढं जाईनात. मागंही येईनात.

मी सोडून कुणाला काय कळणार? मला कळलं. ते तिचे आजाराचे हात राहिले नव्हते. ते तिचे जुने हात होते, तेव्हाचे. मी आठवडाभर बसून, सुईनं रेघा ओढून, तेच तिला परत करून दिले होते.

"काय झालं, आई?" मंदावहिनी हलक्या आवाजात म्हणाली. "घ्या ना."

बायकांच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. "चक्कर आली काय? ऑपरेशन झालंय ना त्यांचं." मावशी पुन्हा वाकून बघायला लागली, आणि मंदावहिनीचा चेहरा पांढरा पडला.

आत्यानं हात खाली घेतले, मांडीवर ठेवले. मान वळवून तिनं मला शोधलं.

"वैजू," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "तू घे हिची अलाबला. माज्यानं न्हाई व्हनार."

मला उठायचं नव्हतं. सगळं कार्यालय माझ्याकडे बघायला लागलं. ऋतुराज बघत होता, ती मुलगी बघत होती, तशीच वर तोंड करून. मी उठले. पिशवी खुर्चीवर ठेवली, आत्याच्या शेजारी गुडघ्यावर बसले आणि त्या पोरीचे दोन्ही गाल हातात घेतले. उन्हातून आल्यासारखे गरम होते. हात उतरवून कानशिलावर बोटं मोडली. आख्खी दहा वाजली. बायका हसल्या. "भारी माया दिसतेय," कुणीतरी म्हणालं.

मुलीच्या आईनं पुढं होऊन विचारलं, "ह्या कोण म्हणायच्या? ओळख नाही झाली."

"माज्या भावाची लेक," आत्या म्हणाली. मग थोडी थांबली. "चौथी. ही जगली."

मुलीच्या आईनं मान डोलावली. तिला वाटलं असेल, लहानपणी आजारी-बिजारी असेन. माझ्या पाठीवर हात ठेवून ती मोठ्या लाघवानं म्हणाली, "जगणारच हो. आत्याची एवढी माया असल्यावर."

आत्या मांडीवरच्या हातांकडे बघत होती. मी काय बोलते ते ऐकायला थांबली होती.

"हो," मी म्हटलं.